पोरकी मुले आणि न ऐकणारी मोठी माणसे

मुलांसाठी लिहिलेले पुस्तक मोठ्यांनी वाचावे काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. बालवाङ्मय म्हणजे मुलाच्या हाती देऊन आपण मोकळे व्हावयाचे वाङ्मय, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. त्यात बोध आहे ना, भाषा शुद्ध आहे ना, शेवट गोड आहे ना, एवढे पाहिले की पालकांचे कर्तव्य संपते. परंतु काही पुस्तके अशी असतात की, ती मुलांसाठी म्हणून लिहिली जातात, मुले ती आवडीने वाचतात, आणि तरीही त्यांतील अर्धा अर्थ मोठ्या वाचकाची वाट पाहत राहतो. लहानपणी जो वाचक निःशंकपणे कथेतील मुलांच्या बाजूला उभा असतो, तोच पुढे वयाने वाढून पुन्हा ते पुस्तक उघडतो तेव्हा, आपण आता नेमके कोणाच्या बाजूला आहो, या विचाराने अस्वस्थ होतो. अमेरिकन लेखक लेमनी स्निकेट याची ‘अ सिरीज ऑफ अन्फॉर्च्युनेट इव्हेंट्स’, म्हणजे ‘दुर्दैवी घटनांची मालिका’, ही रहस्यकथामाला या जातीची आहे. तिचा प्रौढ वाचकाच्या दृष्टीने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ही माला तेरा पुस्तकांची आहे. पहिली दोन पुस्तके, ‘द बॅड बिगिनिंग’ व ‘द रेप्टाइल रूम’, १९९९ साली प्रसिद्ध झाली. तेरावे, ‘द एंड’, १३ ऑक्टोबर २००६ रोजी निघाले. त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य लोक अशुभ मानतात हे ठाऊक असले म्हणजे या योजनेतील विनोद ध्यानात येतो. प्रत्येक पुस्तकात प्रकरणेही तेराच. ब्रेट हेलक्विस्ट या चित्रकाराने काढलेली काळोखी रेखाचित्रे प्रत्येक पुस्तकात आहेत. २००४ साली पहिल्या तीन पुस्तकांवरून एक चित्रपट निघाला आणि २०१७ ते २०१९ या काळात संपूर्ण मालेचे तीन भागांत दूरचित्रवाणीसाठी रूपांतर झाले. लेमनी स्निकेट हे टोपणनाव होय. खरा लेखक डॅनियल हँडलर. जन्म १९७०, सॅन फ्रान्सिस्को. वडील जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले ज्यू. एका प्रौढांच्या कादंबरीसाठी माहिती जमविताना काही संस्थांकडून पत्रके मागवावयाची होती. तेथे खरे नाव द्यावेसे न वाटल्यामुळे त्याने हे विचित्र नाव सांगितले, आणि पुढे तेच त्याला चिकटले. परंतु हे टोपणनाव पुस्तकाच्या वेष्टनापुरते राहिलेले नाही. लेमनी स्निकेट हा कथेतीलच एक मनुष्य आहे: फरारी, खिन्न, एका मृत स्त्रीच्या आठवणीत झुरणारा. बोदलेअर भावंडांची हकीकत तपासून ती नोंदवून ठेवणे हे त्याने आपले व्रत मानले आहे.

कथासूत्र थोडक्यात असे. चौदा वर्षांची व्हायोलेट, बारा वर्षांचा क्लाउस आणि नुकते दात फुटू लागलेली सनी ही तीन भावंडे एका उदास दिवशी समुद्रकिनारी खेळत असताना मि. पो नावाचा एक पेढीवाला येतो आणि सांगतो, की घराला आग लागून तुमचे आईवडील वारले. व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत त्यांची मोठी संपत्ती पेढीत राहावयाची आणि मुलांनी कोणा नातलगाकडे वाढावयाचे. पहिला पालक मिळतो तो काउंट ओलाफ, एक तिसऱ्या दर्जाचा नट. त्याचा डोळा मुलांवर नसून त्यांच्या पैशावर आहे. त्याचा पहिला डाव फसतो. पण तो निसटतो आणि पुढील बहुतेक पुस्तकांत नवे सोंग घेऊन मुलांच्या नव्या आश्रयस्थानी हजर होतो. मुले त्याला तत्काळ ओळखतात. मोठी माणसे ओळखीत नाहीत. व्हायोलेट यंत्रे जुळविते, क्लाउस ग्रंथ धुंडाळतो, सनी प्रथम दातांनी चावून व पुढे स्वयंपाक करून मदत करते. या तीन गुणांच्या बळावर मुले जीव वाचवितात, आणि पुन्हा निराधार होतात.

एवढ्यावरून ही माला रडकथा असावी असा ग्रह होईल. पण ती विनोदी आहे. आणि येथेच रसिकाला पहिला प्रश्न पडतो. आपल्या साहित्यशास्त्राने हास्याचे करुणाशी व भयानकाशी वैर सांगितले आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त तसा स्पष्ट उल्लेख आहे. मेलेल्या माणसाच्या घरी विदूषकाने येऊ नये हा व्यवहारातला नियमच शास्त्राने सांगितला म्हणा ना! मग आईबाप जळून मेलेल्या मुलांच्या कथेत हसू यावे आणि तरीही शोकाचा अपमान होऊ नये, हे कसे साधले? याचे उत्तर आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात देऊन ठेवले आहे: एकाच आश्रयात विरोधी असलेले रस निरनिराळ्या आश्रयांत ठेवले असता विरोध उरत नाही. स्निकेटने हे शास्त्र वाचलेले नसणार. पण त्याने केले आहे ते नेमके हेच. शोक मुलांचा आहे आणि तो एका ओळीतही थट्टेचा विषय होत नाही. हास्य निर्माण होते ते मोठ्या माणसांच्या वागण्यातून, कथाकाराच्या लांबलचक विषयांतरांतून आणि खलांच्या पोकळ दिमाखातून. दुसऱ्या पुस्तकात मुलांचा प्रेमळ पालक, सर्पतज्ज्ञ माँटगोमेरी, मारला जातो. तो मरणार हे कथाकाराने आधीच सांगून टाकलेले असते. त्यामुळे त्याच्या घरातील प्रत्येक आनंदाच्या प्रसंगावर सावली पडते. आणि शोकाची गोष्ट निघाली म्हणजे हा बडबडा कथाकार एकाएकी शांत होतो. अंधारात जिना चढताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि तेथे पायरीच नसावी, त्या क्षणी जसे पोटात धस्स होते तसे जवळच्या माणसाच्या मृत्यूचे असते, अशा अर्थाचे तो काही बोलतो. ज्याने घरचे माणूस गमावले आहे त्याला या उपमेची सत्यता समजावून सांगावी लागत नाही.

कथाकाराची आणखी एक लकब प्रसिद्ध आहे. कठीण शब्द आला की तो थांबतो आणि त्याचा अर्थ सांगतो. आपल्या देवळांतील कीर्तनकारही आख्यान रंगात आले असता थांबून एखाद्या शब्दाची फोड करतात, आणि त्या फोडीतच पुष्कळदा निरूपणाचे मर्म असते. स्निकेटची रीत बाह्यतः तशीच. परंतु त्याचे अर्थ कोशातले नसतात. तो शब्दाचा अर्थ प्रस्तुत प्रसंगापुरता सांगतो, आणि तो प्रसंग इतका विशिष्ट असतो की अर्थ सांगता सांगता मोठ्या माणसांची लबाडी उघडी पडते. पहिल्या पुस्तकात ओलाफ क्लाउसच्या तोंडात मारतो. मुले धीर करून मि. पोच्या पेढीत जातात आणि गाऱ्हाणे सांगतात. मि. पो त्यांना एका लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ समजावून सांगतो, की पालक हा आईबापांच्या जागी असतो, तेव्हा त्याने मुलांना कसे वाढवावे हा त्याचा प्रश्न आहे. मूल सांगते आहे ‘मला मारले’, आणि मोठा मनुष्य त्याला भाषा शिकवितो आहे! लहान वाचक येथे नवा शब्द शिकतो. मोठ्या वाचकाला मात्र कळते, की शब्दांचे ज्ञान हे न ऐकण्याचे एक साधन म्हणूनही वापरता येते.

या प्रसंगातच मालेचे खरे रहस्य दडलेले आहे असे आम्हांस वाटते. वरवर पाहता रहस्ये पुष्कळ आहेत: आग कोणी लावली? ओलाफच्या घोट्यावर गोंदलेला डोळा कसला? आईवडील ज्या गुप्त मंडळात होते ते कोणते? लहान वाचक या प्रश्नांमागे धावतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रौढ वाचकाला छळणारे रहस्य निराळे आहे. ओलाफ दुष्ट का, हे त्याला कोडे वाटत नाही. दुष्ट माणसे त्याने पाहिलेली असतात. चांगली माणसे उपयोगी का पडत नाहीत, हे ते कोडे होय. तेरा पुस्तके मिळून या एका प्रश्नाची जणू चौकशीच चालली आहे, आणि प्रत्येक पुस्तक एकेका साक्षीदाराला पुढे आणते.

या साक्षीदारांची ओळख करून घेण्यासारखी आहे. शेजारीण न्यायाधीश जस्टिस स्ट्रॉस प्रेमळ आहे, तिचे ग्रंथालय मुलांना खुले आहे. पण नाटकात काम करावयास मिळणार या हौसेने ती ओलाफच्या कपटात नकळत सामील होते. माँटगोमेरीला नव्या मदतनिसाचा संशय येतो; परंतु तो आपल्या शोधावर टपलेला प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञांचा हेर असावा, असे तो समजतो. म्हणजे तो मुलांचे ऐकतो, पण त्यातून स्वतःचेच भय ऐकतो. जोसेफिन ही तिसरी पालक. तिला दूरध्वनीची भीती, चुलीची भीती. प्रेम फक्त व्याकरणावर. स्वतःचा जीव वाचावा म्हणून ती मुलांना ओलाफच्या हवाली करावयासही तयार होते, आणि त्याच वेळी त्याच्या बोलण्यातील चूक सुधारते. तो तिला जळवांनी भरलेल्या सरोवरात ढकलून देतो. जेरोम स्क्वॉलर हा सज्जन गृहस्थ. त्याला वाद घालणे आवडत नाही. एवढ्या एका सद्गुणापायी तो प्रत्येक अन्यायापुढे मान तुकवितो. त्याची पत्नी एस्मे मुलांना आश्रय देते, कारण त्या हंगामात पोरकी मुले घरात असणे फॅशनचे ठरलेले असते. रुग्णालयातील स्वयंसेवक तर हसतमुखाने गाणी गात रोग्यांना फुगे वाटीत हिंडतात. वाईट बातमी कानी येऊ नये म्हणून ते वर्तमानपत्रच वाचीत नाहीत, आणि म्हणूनच वर्तमानपत्राने खुनी ठरविलेल्या या मुलांना त्यांच्यात लपता येते.

संस्थांची परीक्षाही अशीच निर्दय आहे. लाकडाच्या गिरणीत मजुरांना पगाराऐवजी सवलतीच्या चिठ्ठ्या मिळतात आणि दुपारच्या जेवणाऐवजी चघळण्याचा डिंक. पैसाच नसल्यामुळे सवलतीची चिठ्ठी कोठे वापरावी हा प्रश्न कोणी विचारीत नाही. यंत्राखाली सापडून पाय मोडलेला मजूर, मोडला तो डावा पाय, आपण तर उजव्या पायाचे, म्हणून समाधान मानतो. शाळेत मुलांना चांगल्या वसतिगृहात राहावयाचे तर आईवडिलांच्या सहीचा कागद हवा. पोरक्या मुलांकडे तो असणार कोठून? म्हणून त्यांनी खेकड्यांनी भरलेल्या पत्र्याच्या खोपटात राहावे. नियम अक्षरशः पाळला गेला, कोणी कोणावर अन्याय केला असे म्हणण्यास जागाच राहिली नाही! एका गावात तर मूल वाढविण्यास सारा गाव लागतो ही म्हण शब्दशः घेऊन गावाने मुलांना सामुदायिक दत्तक घेतले आहे. परिणाम असा की, मुले साऱ्या गावाची कामे करतात आणि मुलांची जबाबदारी मात्र कोणा एकाची राहत नाही. कावळ्यांना पूज्य मानणाऱ्या या गावात हजारो नियम आहेत, आणि शेवटी तो सारा गाव या मुलांना जाळावयास निघतो. कचेरीत, शाळेत किंवा सार्वजनिक संस्थेत ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला येथे येणारे हसू निर्भेळ राहत नाही. मि. पोला रूमाल तोंडाशी धरून सतत खोकण्याची सवय आहे, आणि मूल महत्त्वाचे काही सांगू लागले की त्याला खोकल्याची उबळ येते. लहानपणी हा खोकला हास्यास्पद वाटतो. मोठेपणी स्वतःच्या घशातील तो खोकला ओळखू येतो.

आपल्या परंपरेतही छळलेल्या मुलांच्या कथा आहेत, आणि त्या सौम्य नाहीत. प्रल्हादाला त्याचा प्रत्यक्ष पिता कड्यावरून लोटवितो, अग्नीत टाकतो. ध्रुवाला सावत्र आई पित्याच्या मांडीवरून दूर करते. ‘ऐतरेय ब्राह्मणा’तील शुनःशेपाला तर बाप गाईंच्या मोबदल्यात यज्ञात बळी देण्यासाठी विकतो. मुलांना भय दाखवू नये असा दंडक आपल्या पूर्वजांनी पाळला नव्हता. फरक आहे तो सुटकेत. प्रल्हादासाठी खांब दुभंगतो, ध्रुवापुढे नारायण उभा राहतो, शुनःशेपाचे पाश देवतांच्या स्तुतीने गळून पडतात. मुलाचा आकांत कोणीतरी ऐकतो, हा या कथांचा आधार. बोदलेअर भावंडांच्या जगात खांबातून कोणी प्रकट होत नाही. तेथे खांबाच्या जागी ग्रंथालय आहे. प्रत्येक पुस्तकात या ना त्या रूपाने ग्रंथसंग्रह येतो: कधी न्यायाधीशाचा, कधी सर्पतज्ज्ञाचा, कधी गिरणीतील धूळ खात पडलेली तीन पुस्तके, तर शेवटी समुद्रावर तरंगत आलेला ग्रंथांचाच तराफा. पूर्वी होऊन गेलेल्या माणसांनी लिहून ठेवलेले शब्द हेच तेथे साहाय्याला येणारे दैवत. श्रद्धाळू वाचकाला हे जग उणे वाटेल, आणि तसे वाटण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु प्रार्थना ऐकली जाते असे मानणाऱ्यानेही एक विचार करावा: खांबातून नरसिंह प्रकट होईपर्यंत त्या राजसभेतील इतर मंडळी काय करीत होती? पुराणे त्यांच्याविषयी फारसे बोलत नाहीत. स्निकेट मात्र केवळ त्यांच्याविषयीच लिहितो.

सातव्या पुस्तकानंतर मालेचा रंग पालटतो, आणि तिची योग्यता खऱ्या अर्थाने येथून पुढे ठरते. आतापर्यंत मुले निर्दोष आणि जग सदोष अशी सोपी वाटणी होती. आता मुलांनाही सोंगे घ्यावी लागतात, खोटे बोलावे लागते, किल्ल्या चोराव्या लागतात. आपण ओलाफसारखे होत चाललो आहो काय, ही शंका प्रथम त्यांच्याच मनात उठते. दहाव्या पुस्तकात, ‘द स्लिपरी स्लोप’मध्ये, पळविलेल्या सनीच्या बदल्यात धरून ठेवावे म्हणून एस्मेला पाडण्यासाठी ती खड्डा खणतात, आणि ती अगदी जवळ आली असता तिला सावध करतात. बाराव्या पुस्तकात त्यांना इतके स्वच्छ राहता येत नाही. त्यांच्या हातून निसटलेल्या शस्त्राने एक निरपराध मनुष्य मरतो. पुढे एका भव्य हॉटेलला आग लावण्याची कल्पना सनीच सुचविते. आगीने ज्यांचे घर गेले त्यांनीच आग लावावी! मुलांच्या पुस्तकात इतक्या धीटपणे हा प्रश्न क्वचितच कोणी घातला असेल. त्यातच ओलाफच्या एका उद्गारावरून अशी शंका येते की, तो स्वतः ज्या विषारी बाणांमुळे पोरका झाला त्यांच्याशी बोदलेअर मुलांच्या आईवडिलांचा संबंध असावा. सज्जन आणि दुर्जन यांच्यामधील भिंत आता पूर्वीइतकी सरळ राहत नाही.

या बाराव्या पुस्तकातील, ‘द पेनल्टिमेट पेरिल’मधील, न्यायसभा हा साऱ्या मालेचा कळस म्हणावा लागेल. मुलांच्या आयुष्यात आलेली जवळजवळ सारी जिवंत माणसे त्या हॉटेलात जमली आहेत. खटला उभा राहतो. न्याय आंधळा असतो हे वचन शब्दशः घेऊन सभेतील साऱ्या लोकांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधावयाच्या असतात. तीन न्यायाधीशांपैकी दोघे स्वतःच खल आहेत आणि तिसऱ्या, जस्टिस स्ट्रॉस, यांना त्याचा पत्ता नाही. मराठी वाचकाला येथे महाभारताची आठवण न होणे अशक्य आहे. गांधारीची पट्टी आपण पातिव्रत्याची खूण म्हणून गौरवितो. पण पती आंधळा, पत्नीने डोळे झाकलेले, अशा घरात मुले कशी वाढली हेही व्यासांनी दाखविले आहे. आणि द्यूतसभेत ज्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या नव्हत्या त्या भीष्मद्रोणांनी द्रौपदीच्या प्रश्नाला काय उत्तर दिले? धर्माची गती सूक्ष्म आहे, असे भीष्म म्हणाले. तेही एक प्रकारचे खोकणेच होते. स्निकेटच्या सभेत हॉटेल पेटल्यावर मुले ओरडून सांगतात, की आग लागली आहे. आणि पट्ट्या बांधलेल्या लोकांना कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही. तोवरच्या अकरा पुस्तकांत मुलांच्या शब्दाला जी किंमत मिळाली, तिचा हा शेवटचा हिशेब.

एवढी स्तुती केल्यावर दोषांकडे डोळेझाक करणे हे या मालेच्या शिकवणुकीलाच सोडून होईल. पहिली सात पुस्तके एका साच्यातून काढली आहेत: नवा पालक, सोंग घेतलेला ओलाफ, मि. पोचा अविश्वास, कोणाचा तरी मृत्यू किंवा कशाचा तरी विध्वंस, आणि ओलाफचे पलायन. कहाणीत पुनरावृत्तीला स्थान असते हे मान्य. लहान मुलाला तर तीच हवी असते. पण चौथ्या-पाचव्या पुस्तकापर्यंत येता येता मोठा वाचक पुढचे ओळखून बसतो. शब्दार्थ सांगण्याची लकबही, सुरुवातीला चटकदार वाटली तरी, पुढे पुढे लेखकाच्या हाताला लागलेली सवय वाटते. विशेषनामांत साहित्यिकांची नावे पेरण्याचा खेळ त्याने मनमुराद खेळला आहे. बोदलेअर हे फ्रेंच कवीचे नाव, मि. पोच्या मुलांची नावे एडगर आणि अल्बर्ट; डोळ्यांच्या डॉक्टरणीचे आडनाव ऑर्वेल. जाणकाराला हे पाहून गंमत वाटते. पण तिच्याने कथेची खोली वाढतेच असे नाही. त्याहून गंभीर दोष म्हणजे ओलाफच्या टोळीतील माणसांच्या शारीरिक वैगुण्याला सुरुवातीच्या पुस्तकांत भयाचे व हास्याचे साधन केले आहे. नवव्या पुस्तकात, जत्रेतील ‘विचित्र’ म्हणून दाखविलेल्या माणसांच्या निमित्ताने, लेखक स्वतःच या दृष्टीची झडती घेतो. दोन्ही हातांनी लिहिता येणाऱ्या मनुष्यालाही तेथे विचित्र ठरविलेले आहे. हातांच्या जागी आकडे असलेल्या माणसाला पुढे नाव आणि बहीणही मिळते. सुधारणा खरी, पण ती उशिरा आलेली.

रहस्ये अखेर उलगडत नाहीत, हा आक्षेप सर्वांत जास्त घेतला जातो. ज्या साखरेच्या भांड्यासाठी एवढी धावपळ झाली त्यात काय होते, हे पुस्तकांत कोठेच सांगितलेले नाही. आग कोणी लावली, या प्रश्नावर मरणोन्मुख ओलाफ असे काही बोलतो की, जे निश्चित वाटत होते तेही डळमळते. दूरचित्रवाणीच्या रूपांतराने ही पोकळी भरून काढली. भांड्यात काय होते तेही सांगून टाकले. प्रेक्षकांची सोय झाली; परंतु कथेतील एक सत्य मात्र त्यात हरवले. रहस्यकथेचा अलिखित करार असा असतो की, शेवटच्या पानावर जग पुन्हा नीट लावून मिळावे. हा करार मोडणारा लेखक बहुधा दुबळा असतो. येथे मात्र तो मोडण्याला आधार आहे. आईवडील गेल्यावर त्यांच्या पेटीत जुनी पत्रे सापडतात; त्यांत आपल्याला अनोळखी नावे असतात, कोणा जुन्या भांडणाचा अर्धवट उल्लेख असतो, आणि विचारावे असे माणूस उरलेले नसते. पोरकेपण म्हणतात ते हेच. ज्यांना उत्तर ठाऊक होते ती माणसे गेली. प्रश्न तेवढे वारशाने आले. हा अनुभव वाचकापर्यंत पोहोचवावयाचा तर भांडे बंद राहणेच भाग होते. मात्र काही धागे, विशेषतः क्वॅगमायर भावंडांचे, ज्या घाईने सोडून दिले आहेत त्याचे समर्थन या न्यायाने होणार नाही.

शेवटच्या पुस्तकात मुले एका बेटावर येतात. तेथे सारे सुरक्षित आहे. इश्माएल नावाचा वृद्ध पुढारी कोणावर कशाची सक्ती करीत नाही. फक्त सुचवितो, आणि सारे ते ऐकतात. वाहून आलेल्या वस्तू आणि पुस्तके डोळ्यांआड टाकलेली. लोक नारळाच्या गुंगी आणणाऱ्या पेयावर समाधानी. धोका नको म्हणून ज्ञानच नको, असा तेथील करार. मुलांना वाईट काही कळूच देऊ नये असे म्हणणाऱ्या पालकांचे हे चित्र आहे, हे सांगावयास नको. बायबलातील स्वर्गोद्यानाची कथा लेखकाने येथे उलटी केली आहे: विषबाधेने मरू घातलेल्या मुलांना एक साप सफरचंद आणून देतो, आणि ते खाल्ल्यामुळे ती वाचतात. ज्या ओलाफने तेरा पुस्तके त्यांचा छळ केला, तो मरता मरता एका गरोदर स्त्रीला तराफ्यावरून उचलून खाली आणतो. जन्मात एक चांगले कृत्य, आणि तेही त्याला वाचवीत नाही. ती स्त्री, किट, त्या फळाने पोटातील बाळाला अपाय होईल म्हणून ते खात नाही. बाळ जगते, ती जाते.

मग ही पुस्तके मुलांना द्यावीत काय? आमच्या मते, नऊ-दहा वर्षांच्या, इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलाला ती अवश्य द्यावीत. आपल्याकडे साने गुरुजींनी मुलांच्या डोळ्यांतून पाणी काढण्यात कधी संकोच केला नाही, आणि ‘श्यामची आई’ वाचून कोणाचे बिघडल्याचे ऐकिवात नाही. तेथे मुलाच्या दुःखापाशी आई उभी आहे, येथे ती नाही, हा मोठा भेद खरा. आणि म्हणूनच ही पुस्तके देताना घरातील मोठ्या माणसाने तीच पुस्तके आपणही वाचावीत. बरोबर वाचण्यासाठी वेळ नसेल तर पहिले, सातवे व बारावे, एवढी तरी वाचावीत. मुलाने ‘मि. पो असे का वागतो?’ असे विचारले म्हणजे, तो मूर्ख आहे, हे सोपे उत्तर देऊन चालणार नाही. मि. पो दुष्ट नाही, आळशी नाही, अप्रामाणिकही नाही. त्याला काम पुष्कळ आहे, आणि मुलांना काय कळते, असे तो मनापासून मानतो.

तेरावे प्रकरण संपल्यावर या अखेरच्या पुस्तकाला एक चौदावे प्रकरण जोडलेले आहे. वर्ष लोटले आहे. बोदलेअर भावंडांनी किटच्या मुलीला वाढविले आहे आणि डागडुजी केलेल्या नावेत तिला घेऊन ती पुन्हा जगाकडे निघाली आहेत. नावेचे आणि त्या मुलीचे नाव एकच, बीअ‍ॅट्रिस. तेच त्यांच्या आईचे, आणि कथाकार ज्या स्त्रीसाठी आयुष्यभर झुरला तिचेही. एकामागून एक पालक ज्यांनी गमावले ती मुले आता स्वतः कोणाची तरी पालक झाली आहेत. ती मुलगी बोलू लागेल तेव्हा ही तिघे तिचे ऐकतील काय? पुस्तक याचे उत्तर देत नाही. आणि प्रौढ वाचक पुस्तक मिटतो तेव्हा तोही त्याच नावेत बसलेला असतो.